बर्फात अडकलेले जहाज आणि किनाऱ्यावरचा विद्यार्थी : ध्रुवीय समुद्रविज्ञान हा पेशा कसा घडला? (थ्रेड)

१/ १८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बर्फासोबत वाहत आलेल्या काही वस्तू सापडल्या. त्या ‘जॅनेट’ या अमेरिकी जहाजावरच्या होत्या. ते जहाज मात्र १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले होते. मग त्या वस्तू ध्रुवीय समुद्राच्या या टोकाला आल्या कशा?

२/ नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी लिहिले की, बर्फ समुद्र ओलांडून वाहत येत असला पाहिजे. बर्गेनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या २३ वर्षांच्या एका प्राणिशास्त्रज्ञाने हे वाचले. त्याचे नाव फ्रिटजोफ नान्सेन. जे बर्फ वस्तू वाहून आणते, ते जहाजही वाहून नेईल, हा विचार त्याच्या मनात रुजला.

३/ त्यासाठी कॉलिन आर्चर यांनी ‘फ्राम’ हे जहाज बांधले. त्याचा तळ गोलसर होता. बर्फाने दाबले की जहाज फुटण्याऐवजी वर उचलले जावे, अशी ती योजना. जून १८९३ मध्ये १३ जण निघाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी जहाज सैबेरियाच्या उत्तरेस मुद्दाम बर्फात अडकवून घेतले.

४/ १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहानसेन जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांनी ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावरून त्यांना परतावे लागले. ध्रुव हाती लागला नाही. पण ऑगस्ट १८९६ मध्ये ‘फ्राम’ स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून सुखरूप बाहेर पडले आणि वाहत्या बर्फाचा सिद्धान्त खरा ठरला.

५/ मोहिमेची खरी कमाई नोंदवह्यांत होती. ध्रुवीय समुद्र उथळ असावा, असा समज होता. त्यामुळे खोली मोजण्याची दोरी अपुरी पडली. तेव्हा खलाशांनी जहाजाचा पोलादी दोर उकलून त्याच्या तारांची नवी दोरी वळली. खोली निघाली ३००० मीटरहून अधिक! शिवाय थंड पृष्ठजलाखाली अटलांटिकहून आलेल्या उबदार पाण्याचा थर आढळला.

६/ आणखी एक नोंद कोड्यात टाकणारी होती. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ वाहत नव्हते. ते वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी वळत होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे असे घडते, हे नान्सेन यांनी ताडले. पाण्याचा वरचा थर खालच्या थराला ओढतो, म्हणून खालचा थर आणखी उजवीकडे वळत असावा, असाही त्यांचा तर्क होता.

७/ परंतु तर्काला गणिताचे रूप देणे हे त्यांचे क्षेत्र नव्हते. त्यांनी हा प्रश्न व्हिलहेल्म बियर्कनेस या भौतिकशास्त्रज्ञापुढे ठेवला आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो सोडवावा, असे सुचवले. बियर्कनेस यांनी निवड केली व्ही. वाल्फ्रिड एकमन या उप्साला विद्यापीठातील तरुणाची. ‘फ्राम’ बर्फात होते, तेव्हा एकमन किनाऱ्यावर शिकत होता.

८/ एकमन यांचे उत्तर असे : उत्तर गोलार्धात पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ४५ अंशांनी वळते. खाली जावे तसा प्रत्येक थर अधिक वळतो आणि अधिक मंदावतो. चक्री जिन्याच्या पायऱ्याच जणू! सर्व थरांचा एकत्रित प्रवाह वाऱ्याशी थेट काटकोनात जातो. हा सविस्तर निबंध १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

९/ त्या काळी समुद्रविज्ञान हा स्वतंत्र पेशा जवळपास नव्हताच. प्राणिशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, नौदल अधिकारी आपापल्या परीने समुद्राचा अभ्यास करीत. ‘फ्राम’वरील क्षारतेची मोजमापे पुरेशी अचूक नव्हती, हे नान्सेन यांना उमगले. १९०२ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोत, उपकरणे व मोजणीच्या पद्धती सुधारण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली. प्रमुख नान्सेन, साहाय्यक एकमन.

१०/ तेथे एकमन यांनी प्रवाहमापक घडवला. पुढे १९१० ते १९३९ ते लुंड विद्यापीठात प्राध्यापक होते. मात्र त्यांचे सर्पिल प्रत्यक्ष समुद्रात स्पष्ट दिसणे अवघड होते, कारण लाटा आणि इतर प्रवाह ते झाकून टाकतात. १९५४ मध्ये एकमन निवर्तले. १९६६ मध्ये केनेथ हंकिन्स यांनी त्या सर्पिलाची नोंद प्रसिद्ध केली. ती मिळाली होती आर्क्टिकच्या तरंगत्या बर्फाखाली, जेथे लाटांचा उपद्रव नसतो. प्रश्न जेथे जन्मला, तेथेच त्याची साक्ष मिळाली.

११/ गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. २०१४ मध्ये भारतीय संशोधकांनी स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डन या खाडीत पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही वेधशाळा बसवली. स्पिट्सबर्गेन हे त्याच द्वीपसमूहातले बेट, ज्याच्याजवळ ‘फ्राम’ बर्फातून मोकळे झाले होते. उबदार अटलांटिक पाणी आर्क्टिकमध्ये कसे शिरते, हा प्रश्न तेथे आजही मोजला जातो.

१२/ नान्सेन यांनी आपला प्रश्न मुठीत झाकून ठेवला असता, तर तो कदाचित नोंदवहीतच राहिला असता. ज्याने मोजले त्याला सोडवता येत नव्हते, ज्याने सोडवले तो बर्फावर गेला नव्हता. या दोघांना जोडण्यातून ध्रुवीय समुद्रविज्ञान उभे राहिले. म्हणून या क्षेत्रात आजही जहाजावर थंडीत उभा राहणारा हवा, उपकरण घडवणारा हवा आणि किनाऱ्यावर समीकरण मांडणाराही हवा.