जुन्या स्टुडिओ छायाचित्रांतील दांपत्य : वेशभूषा व पडदा यांचे ऐतिहासिक वाचन
(विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा ब्रिटिशकालीन ‘बासीम’ जिल्हा 1905 मध्ये अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागण्यात आला होता. त्यामुळे मधल्या काळातील शासकीय नोंदी प्रामुख्याने अकोल्याच्या नावाने आढळतात. अशा स्थितीत वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील घरांत जपलेली पतिपत्नींची छायाचित्रे स्थानिक सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन ठरू शकतात. मात्र त्यांतील पडदा व वेशभूषा यांचे वाचन एकाच निकषावर करता येत नाही.

पडद्याचे स्वरूप

दांपत्याच्या मागे दिसणारे खांब, कठडे, बाग किंवा जिना हे त्यांच्या घराचे चित्र नव्हे. तो स्टुडिओचा रंगवलेला पडदा असून त्याचे नाते मराठी रंगभूमीच्या पडद्यांशी आहे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांसाठी असेच पडदे रंगवीत असत. एकाच पडद्यापुढे सावकार बसे आणि लहान शेतकरीही बसे. म्हणून पडद्यावरून कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ठरवणे चुकीचे होय. तोच पडदा अनेक छायाचित्रांत आढळल्यास स्टुडिओ व कालखंड ओळखण्यास मात्र मदत होते. तसेच वाशीमच्या घरात सापडलेले छायाचित्र वाशीममध्येच काढले असेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी पुठ्ठ्यावरील छापील नाव व गाव तपासणे आवश्यक ठरते.

वेशभूषेचे वाचन

वेशभूषा तुलनेने अधिक विश्वसनीय, परंतु निर्दोष नव्हे. काही स्टुडिओंत कोट, टोपी, छत्री, पुस्तक या वस्तू ग्राहकांसाठी ठेवलेल्या असत. खांद्यावर न बसणारा कोट अशा वेळी बोलका ठरतो. याउलट लुगडे उसने आणता आले, तरी ते नेसण्याची सवय उसनी आणता येत नाही. नऊवारीचा कासोटा, पाचवारीचे गोल नेसण, डोक्यावरील वा दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर यांतून पिढी व रीत कळते. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे फेटिया-कांचळी आणि लुगडे यांतील भेदही येथे लक्षात घ्यावा लागतो. पुरुषाच्या डोक्यावरील पांढरी गांधी टोपी छायाचित्र साधारणतः 1920 नंतरचे असल्याचे सुचवते.

रंगांबाबत विशेष दक्षता हवी. जुन्या प्लेटा निळ्या रंगास अधिक आणि तांबड्यास अत्यल्प संवेदनशील होत्या. परिणामी लाल शालू काळा, कुंकू काळे आणि फिकट निळे लुगडे जवळजवळ पांढरे उमटते. म्हणून काळे दिसणारे प्रत्येक लुगडे चंद्रकळा नसते.

दांपत्याची मांडणी

ज्या समाजात पत्नी पतीचे नाव उखाण्यातच घेई आणि वडीलधाऱ्यांसमोर उभयतांनी बोलणेही संकोचाचे मानले जाई, त्या समाजात दोघांनी कॅमेऱ्यापुढे शेजारी बसणे ही साधी घटना नव्हती. स्त्रीने नवी रीत स्वीकारणे घरात किती कठीण होते, हे रमाबाई रानडे यांच्या 1910 मधील आठवणींवरून स्पष्ट होते. त्यांच्या शिक्षणास घरातील स्त्रियांचाच विरोध होता. पती खुर्चीवर व पत्नी बाजूस उभी, की दोघेही समान उंचीवर बसलेली, हा फरक म्हणूनच नोंदवण्याजोगा आहे. अर्थात ही मांडणी अनेकदा छायाचित्रकाराने ठरवलेली असे, हेही विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

पडदा प्रामुख्याने स्टुडिओची माहिती देतो, नेसण्याची रीत कुटुंबाची, तर मांडणीत दोहोंचा वाटा असतो. या तिन्हींचा स्वतंत्र विचार करूनच निष्कर्ष काढावेत. विवाहानंतर बदललेले स्त्रीचे नाव पुठ्ठ्यामागे लिहिलेले नसेल, तर ते घरातील वृद्धांच्या स्मरणातच उरते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी कुटुंबांच्या संमतीने छायाचित्राच्या दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी आणि माहेरच्या नावासह तोंडी माहिती नोंदवावी. छायाचित्र टिकले तरी त्यातील स्त्री अनामिक राहिली, तर जिल्ह्याच्या इतिहासाचा अर्धा भाग हरवेल.