चाल, वेग आणि रफ्तार : गतीच्या परिभाषेचा इतिहास आणि बडोद्याचा प्रयोग

प्रस्तावना

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात 'गती' हे प्रकरण आरंभीच येते आणि ते सर्वांत सोपे समजले जाते. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, उदाहरणे सोडवितो. परंतु चाल आणि वेग यांत नेमका फरक काय, असे विचारले की पुष्कळांची उत्तरे अडखळतात. मराठी, उर्दू किंवा गुजराती माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजीतून शिकू लागला की ही अडचण अधिक जाणवते. अशा वेळी दोष बहुधा मातृभाषेला दिला जातो. आपल्या भाषांत शास्त्रीय संकल्पनांना नेमके शब्द नाहीत, असे मानले जाते. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बडोदे संस्थानात मातृभाषेतून शास्त्रशिक्षण देण्याचा जो प्रयत्न झाला, तो मध्यवर्ती धरला आहे.

संकल्पनांचे स्वरूप

प्रथम संकल्पना स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. त्यासाठी बडोद्याच्याच परिसरातील एक उदाहरण घेता येते. इ.स. १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा, म्हणजे ३२ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. आरंभी या रुळांवरील डबे बैल ओढीत असत. वाफेची इंजिने तेथे नियमितपणे नंतरच वापरात आली.

समजा, बैलांनी ओढलेला डबा डभोईहून मियागामला ४ तासांत पोहोचला आणि तितक्याच वेळात परत आला. त्याने एकूण ६४ किलोमीटर अंतर कापले. त्याला ८ तास लागले, म्हणून त्याची सरासरी चाल ताशी ८ किलोमीटर झाली. पण डबा जेथून निघाला तेथेच परत आला, म्हणून त्याचे विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. केवळ जाण्याचा प्रवास घेतला तरी दोन्ही राशी सारख्या येत नाहीत. लोहमार्ग वळणे घेत जातो, तर विस्थापन हे आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतच्या सरळ रेषेने, दिशेसह मोजले जाते. म्हणून ते ३२ किलोमीटरपेक्षा कमीच भरते.

अंतर आणि चाल या केवळ परिमाण असलेल्या, म्हणजे अदिश राशी होत. विस्थापन आणि वेग यांना परिमाणाबरोबर दिशाही असते, म्हणून त्या सदिश राशी होत. दिशा बदलली तर चाल तीच राहूनही वेग बदलतो. वर्तुळाकार मार्गावर एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते, हे विद्यार्थ्याला कोडे वाटते ते याच ठिकाणी.

इंग्रजी शब्दांचा पूर्वेतिहास

आता प्रश्न असा की, ही दिशा शब्दातच असते काय? इंग्रजीतील 'व्हेलॉसिटी' हा शब्द शीघ्र या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. 'स्पीड' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ यश, भरभराट असा होता. दोहोंपैकी एकाही शब्दात दिशेची कल्पना नाही. दीर्घकाळ हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जात होते. सदिश आणि अदिश या अर्थांच्या संज्ञा विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४० च्या दशकात रूढ केल्या. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक शब्द दिशाविरहित राशीसाठी आणि दुसरा दिशायुक्त राशीसाठी राखून ठेवण्याची शिस्त हळूहळू पक्की झाली. म्हणजे इंग्रजीलाही हा नेमकेपणा जन्मतः लाभलेला नव्हता. तो ठरवून आणि शिकवून आणला गेला.

भारतीय आणि इस्लामी परंपरेतील गतिविचार

आपल्या भाषांनी ज्या दोन ज्ञानपरंपरांतून शब्द घेतले, त्या दोहोंतही गतीचा विचार पूर्वीपासून होता. वैशेषिक दर्शनात संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. धनुष्यापासून सुटलेला बाण दोरीचा स्पर्श संपल्यावरही पुढे का जातो, याचे उत्तर प्रशस्तपादांच्या परंपरेत 'वेग' या संस्काराने दिले आहे. पुढे भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' (११५०) या ग्रंथात ग्रहांच्या 'तात्कालिकी गती'चा विचार मांडला. क्षणोक्षणी बदलणारी गती विशिष्ट क्षणी किती, हाच तो प्रश्न होय.

इस्लामी जगतातही फेकलेल्या वस्तूचा हाच प्रश्न चर्चिला गेला. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी तो 'मैल' म्हणजे प्रवृत्ती, ओढ या संज्ञेच्या आधारे सोडविण्याचा यत्न केला. फेकणारा वस्तूत मैल निर्माण करतो आणि बाह्य अडथळ्यामुळेच तो क्षीण होतो; पोकळीत अडथळाच नसल्याने अशी वस्तू थांबणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. वैशेषिकांचा वेग आणि इब्न सीनांचा मैल यांपैकी कोणतीही संज्ञा आजच्या 'वेग' या राशीशी तंतोतंत जुळत नाही. तथापि गतीविषयी काटेकोर विचार करण्याची सवय संस्कृतला आणि अरबीला होती, एवढे यावरून निश्चित होते.

भाषांतराचे युग

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य विज्ञान देशी भाषांत आणण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी एकाच सुमारास सुरू झाले. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर (मृत्यू १८४६) यांनी कलनशास्त्रावर 'शून्यलब्धिगणित' हा ग्रंथ मराठीत लिहिला. गतीच्या गणिताचा पायाच त्यामुळे मराठीत आला. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित व विज्ञान उर्दूत आणले. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि ती पुढे अलीगढला नेली. ज्या काळात ही भाषांतरे होत होती, त्या काळात इंग्रजीतही चाल आणि वेग यांची विभागणी अद्याप स्थिर झालेली नव्हती. तेव्हा जुन्या मराठी-उर्दू ग्रंथांतील शैथिल्य हे केवळ भाषेचे शैथिल्य मानणे न्याय्य होणार नाही.

बडोद्याचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर बडोद्याचा प्रयत्न वेगळा उठून दिसतो. राजघराणे मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती आणि उर्दू बोलणारा मुस्लिम समाजही नगरात नांदत असलेला, अशी या संस्थानाची भाषिक रचना होती. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. त्याआधीच, १८९० मध्ये, बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे त्याचे पहिले प्रमुख होत. कारागिरांच्या मुलांना यंत्रशास्त्र, रंगकाम, रेखन आदी विषय मातृभाषेतून आणि प्रत्यक्ष कामाच्या जोडीने शिकवावेत, ही त्यांची भूमिका होती. त्यासाठी पुस्तके हवीत, म्हणून 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेतून मराठी व गुजराती भाषांत शास्त्रीय ग्रंथ तयार करविण्यात आले.

गज्जरांनी १८९६ च्या सुमारास बडोदे सोडले आणि ग्रंथनिर्मितीचा आरंभीचा वेग मंदावला. तरी परिभाषेची आस्था संस्थानात टिकून राहिली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय शेजारी शेजारी दिले आहेत. हा कोश राज्यकारभाराच्या शब्दांचा होता, पदार्थविज्ञानाचा नव्हे. परंतु सर्व भाषांचे पर्याय समोर ठेवून तुलनेने निवड करावी, ही त्याची पद्धत विज्ञानाच्या शिक्षकालाही मार्गदर्शक आहे.

याच काळात हैदराबादेत १९१७ मध्ये दारुत्तर्जुमा आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले. वहीदुद्दीन सलीम यांनी 'वज़्-ए-इस्तिलाहात' (१९२१) या ग्रंथात परिभाषा घडविण्याची तत्त्वे मांडली. केवळ अरबीवर विसंबू नये, उर्दूच्या स्वतःच्या घडणीचाही उपयोग करावा, असा त्यांचा आग्रह होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे कित्येक मराठी भाषक विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञान प्रथम उर्दूतून अभ्यासले, हे या संदर्भात विसरता येत नाही.

आजच्या संज्ञा

आज मराठीत चाल, वेग, विस्थापन आणि त्वरण या संज्ञा स्थिर झाल्या आहेत. गुजरातीत त्यांच्या जागी अनुक्रमे झडप, वेग, स्थानांतर आणि प्रवेग या संज्ञा आहेत. भारतातील उर्दू पाठ्यपुस्तकांत 'चाल' आणि 'रफ्तार' अशी जोडी दिसते. त्वरणाला 'इस्राअ' म्हणतात आणि विस्थापनासाठी 'हटाव' असाही शब्द आढळतो. दिशायुक्त राशीसाठी 'सम्ती रफ्तार' हा उर्दू समासही वापरात आहे. 'सम्त' म्हणजे दिशा. इंग्रजी शब्दात जी दिशा नाही, ती या समासाने शब्दातच आणली आहे.

घोटाळा होतो तो व्यवहारातील वापरामुळे. रस्त्यावरील मराठी फलक 'वेगमर्यादा' सांगतो, गुजराती फलक 'गतिमर्यादा' सांगतो आणि उर्दू बोलणारा गाडीची 'रफ्तार' विचारतो. शास्त्राच्या भाषेत या तिन्ही ठिकाणी चालच अभिप्रेत आहे, कारण गाडी कोणत्या दिशेला जाते याच्याशी मर्यादेचा संबंध नाही. शिवाय मराठीत चाल म्हणजे चालण्याची ढब, रीत, गाण्याची चाल आणि बुद्धिबळातील खेळीही. आयुर्वेदात वेग म्हणजे शरीराची नैसर्गिक प्रेरणा. विद्यार्थी हे सारे अर्थ बरोबर घेऊनच वर्गात येतो.

निष्कर्ष

संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावली. तेथे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. बडोद्याच्या प्रयोगाचा उत्तरार्ध अशा रीतीने अपूर्ण राहिला. परंतु त्याची दिशा चुकीची होती, असे यावरून सिद्ध होत नाही. पुस्तक, परिभाषा आणि कार्यशाळा या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्यात हे गज्जरांनी ओळखले होते. यांतील एक जरी सुटली तरी शब्द केवळ कोशात उरतो.

सामुदायिक महाविद्यालयांच्या शिक्षकांना यातून एक व्यवहार्य सूत्र मिळते. संज्ञा इंग्रजीत सांगितली म्हणून संकल्पना आपोआप स्पष्ट होत नाही आणि मराठीत किंवा उर्दूत सांगितली म्हणून ती अस्पष्टही होत नाही. फळ्यावर चाल, झडप, स्पीड एका बाजूला आणि वेग, सम्ती रफ्तार, व्हेलॉसिटी दुसऱ्या बाजूला लिहून, विद्यार्थ्याला त्याच्या घरापासून महाविद्यालयापर्यंतच्या वाटेचे अंतर आणि विस्थापन काढायला लावले, तर जो फरक इंग्रजीतही ठरवून आणावा लागला, तो त्याला आपल्या भाषेत उमगेल. मग परीक्षेची भाषा कोणतीही असो.