प्रौढ सामाजिक देखभाल : तक्रारी व सेवासुधारणा (इंग्लंड)

वार्धक्य, अपंगत्व, मानसिक आजार किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे ज्या प्रौढ व्यक्तींना रोजच्या जगण्यात दुसऱ्याची मदत लागते, त्यांना इंग्लंडमधील कौन्सिलांकडून (स्थानिक स्वराज्य संस्थांकडून) मिळणाऱ्या सेवांविषयीच्या तक्रारी आणि त्यांतून त्या सेवांमध्ये होणारे बदल. अंघोळ, कपडे, औषधे, जेवण यांसाठी घरी येणारे मदतनीस, केअर होममधील निवास, दिवसभराची केंद्रे, घरात बसवायची साधने आणि या सगळ्यासाठी लागणारी गरजेची व ऐपतीची तपासणी एवढे सारे या सेवांत मोडते. इंग्लंडात १५३ कौन्सिलांवर ही जबाबदारी आहे. दवाखान्यातले उपचार राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) फुकट मिळतात, सामाजिक देखभाल मात्र तशी मिळत नाही. ज्याच्या नावावर २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी आहे त्याने खर्च स्वतःच करायचा असतो, आणि केअर होममध्ये जायची वेळ आली की बहुधा राहते घरही त्या हिशेबात धरले जाते. ही मर्यादा २०१० पासून जागची हललेली नाही. तक्रारींतल्या बऱ्याच पैशांभोवती का फिरतात, हे त्यावरून समजते.

पूर्वपीठिका : कौन्सिलांत सामाजिक सेवांचे स्वतंत्र विभाग १९७० च्या कायद्याने आले, पण तक्रार ऐकून घेण्याची रीतसर सोय प्रत्येक विभागाने ठेवलीच पाहिजे हे बंधन १९९० च्या कायद्याने घातले आणि ते १९९१ पासून लागू झाले. ती पद्धत तीन टप्प्यांची होती : आधी तोंडी समजूत, मग रीतसर चौकशी, शेवटी फेरविचार मंडळ. ऐंशी-नव्वदीतल्या तक्रारदाराच्या मानाने हा प्रवास फार लांबचा होता. १ एप्रिल २००९ पासून आलेल्या नियमांनी टप्पे मोडीत काढले आणि एनएचएस व कौन्सिल या दोहोंसाठी एकच पद्धत आणली. वेल्स आणि स्कॉटलंड यांचे नियम वेगळे आहेत. स्कॉटलंडात २०१७ पासून पाच आणि वीस कामकाजाच्या दिवसांचे दोन टप्पे पाळले जातात.

२००९ चे नियम वाचायला सोपे आहेत. घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून बारा महिन्यांत तक्रार करावी. कौन्सिलने तीन कामकाजाच्या दिवसांत पोच द्यावी आणि चौकशी कशी करणार, किती वेळ लागेल, हे तक्रारदाराशी बोलून ठरवावे. सहा महिन्यांत उत्तर गेले नाही तर उशिराचे कारण लेखी कळवावे. सुधारणेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाच्या दोनच तरतुदी आहेत, आणि त्याच सर्वांत कमी वाचल्या जातात. पहिली अशी की, चौकशीतून काही करायची गरज दिसली तर ते होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी एका नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर, सहसा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर, टाकली आहे. दुसरी वार्षिक अहवालाची : किती तक्रारी आल्या, किती रास्त ठरल्या, किती लोकपालांकडे (पुढे पाहा) गेल्या, विषय कोणते होते आणि त्यांमुळे सेवेत काय सुधारले, हे त्यात द्यावे लागते. मागेल त्याला हा अहवाल दाखवावा लागतो.

या अहवालाच्या शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे त्यावरून कौन्सिल ओळखावे. ‘कर्मचाऱ्यांना पुन्हा समज देण्यात आली’ एवढेच वाक्य दरवर्षी दिसले तर तिथे तक्रारी फाइलबंद होतात, त्यांतून शिकणे होत नाही, असे समजायला हरकत नाही. समज दिलेला माणूस सहा महिन्यांत नोकरी सोडून जातो आणि ज्या वेळापत्रकामुळे, नमुनापत्रामुळे किंवा करारामुळे चूक झाली ते तसेच राहते.

घरी येणाऱ्या मदतीच्या तक्रारीत हे स्पष्ट दिसते. मधुमेही आजीकडे सकाळी आठला येणारी मदतनीस साडेदहाला येते, न्याहारी व औषध लांबते, आणि अर्ध्या तासाऐवजी वीसच मिनिटांत ती निघून जाते, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी मदतनीस आल्या-गेल्याची नोंद फोनवरून होते, त्यामुळे खरे काय ते तासाभरात कळते. पण उशीर झाला हे सिद्ध करून माफीचे पत्र पाठवणारा अधिकारी अर्ध्यावरच थांबतो. त्याने पुढचा प्रश्न विचारला तर कळते की दोन घरांमधल्या प्रवासाला वेळापत्रकात वेळच धरलेला नाही, म्हणजे पहिल्या घरापासूनच उशीर साठत जाणार. आणखी विचारले तर कळते की कंपनीला पैसे मिनिटांच्या हिशेबाने मिळतात आणि करारात प्रवासाचा उल्लेख नाही. सुधारणा व्हायची ती त्या करारात. अंगाची स्वच्छता, कपडे अशा कामांसाठी पंधरा मिनिटांची भेट योग्य नाही, असे २०१४ च्या केअर ॲक्टखालील सरकारी मार्गदर्शनातच म्हटले आहे, तेव्हा असा करार बदलून घेताना तक्रारदाराच्या बाजूला कायद्याचा आधारही असतो.

काम खासगी कंपनीला दिले म्हणून कौन्सिलची सुटका होत नाही. पैसे कौन्सिलचे असतील तर कंपनीची चूक ती कौन्सिलची चूक धरली जाते. तरीही ‘कृपया संबंधित कंपनीकडे तक्रार करावी’ असे उत्तर आजही जाते.

लोकपाल : कौन्सिलच्या उत्तराने समाधान झाले नाही तर तक्रार लोकपालांकडे नेता येते. हे पद १९७४ च्या कायद्याने आले. (महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा त्याच्या तीन वर्षे आधीचा, १९७१ चा.) ऑक्टोबर २०१० पासून स्वतःच्या पैशाने खासगी सेवा घेणाऱ्यांच्या तक्रारीही या लोकपालांच्या कक्षेत आल्या, आणि २०१७ मध्ये पदाच्या नावातच ‘सामाजिक देखभाल’ हे शब्द आले. त्यांच्याकडे जायला फी नाही, वकील लागत नाही. त्यांचे कामही नेमके आखलेले आहे. आजींना दिवसातून तीनदा मदत हवी की चारदा, हे ते ठरवत नाहीत. ते ठरवताना कौन्सिलने रीत पाळली का, ऐकून घेतले का, कारणे लिहिली का, एवढेच पाहतात. अलीकडच्या वर्षांत प्रौढ देखभालीच्या ज्या तक्रारींची त्यांनी पूर्ण चौकशी केली, त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक तक्रारींत दोष आढळला आहे.

त्यांच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, पण कौन्सिले त्या जवळपास नेहमीच मान्य करतात. माफी आणि मनस्तापाबद्दल काही शे पौंड हे तक्रारदाराच्या पदरी पडते. त्याहून लांब जाणारा भाग सेवासुधारणेचा असतो. अमुक नमुनापत्र बदला, अमुक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, अशाच चुकीची झळ लागलेली आणखी माणसे शोधून काढा, असे सांगून दोन-तीन महिन्यांची मुदत दिली जाते, आणि केल्याचा पुरावा मागवला जातो : बदललेले पत्र, प्रशिक्षणाची हजेरी, समितीचे इतिवृत्त. पुराव्याचा हा आग्रह नसता तर बाकी सारे सदिच्छा म्हणूनच राहिले असते. तक्रार न केलेल्या माणसांवर अन्याय झाल्याचे चौकशीच्या ओघात दिसले तर त्यातही लक्ष घालण्याचा अधिकार लोकपालांना आहे. कोणत्या कौन्सिलने कोणती सुधारणा कबूल केली, हे २०१९ पासून नकाशावर कोणालाही पाहता येते.

एका तक्रारीचा परिणाम हजारोंपर्यंत कसा पोचतो याचे ठळक उदाहरण मानसिक आरोग्य कायद्यातील ११७ व्या कलमाचे आहे. सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या माणसाला बाहेर आल्यावर लागणारी देखभाल या कलमाखाली मिळते. कित्येक कौन्सिले तिचे पैसे घेत होती. काहींनी त्यापायी माणसांची घरेही विकायला लावली. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मँचेस्टरशी संबंधित खटल्यात, असे पैसे घेता येत नाहीत, असा निकाल दिला. निकाल एका खटल्याचा होता, मागचे पैसे परत कसे द्यायचे हे त्यात नव्हते. लोकपालांकडे तक्रारी येत राहिल्या आणि २००३ मध्ये त्यांनी खास अहवाल काढून सर्व कौन्सिलांना जुनी प्रकरणे उघडायला आणि व्याजासह परतावा द्यायला सांगितले. कायदा काय आहे ते कोर्टाने सांगितले; तो घरोघर पोचवण्याचे काम तक्रारींनी केले.

दुसरे उदाहरण केअर होमच्या वरच्या रकमेचे, ज्याला तिथे ‘टॉप-अप’ म्हणतात. कौन्सिलने ठरवलेल्या रकमेत बसणारे निदान एक केअर होम दाखवणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे. कुटुंबाने आपणहून महागडे निवडले तरच वरचा फरक नातेवाइकाने भरायचा. प्रत्यक्षात आई रुग्णालयातून सुटायच्या दिवशी मुलाच्या हातात एक यादी येते, यादीतल्या प्रत्येक ठिकाणी आठवड्याला जादा पैसे मागतात, आणि घाईत तो केअर होमने पुढे केलेल्या कागदावर सही करतो. कौन्सिलने ठरवलेल्या रकमेत बसणारी जागा कुठे होती का, हे फायलीत कुठेच नसते. लोकपालांनी २०१५ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. अशा प्रकरणांत सांगितली जाणारी सुधारणा अगदी साधी असते : सोशल वर्करने दाखवलेल्या, वरची रक्कम न लागणाऱ्या केअर होमचे नाव व तारीख फॉर्ममध्ये लिहिलीच पाहिजे, रकाना कोरा असेल तर प्रकरण पुढे सरकणार नाही. एवढ्याशा रकान्याने जे होते ते दिवसभराच्या प्रशिक्षणाने होत नाही.

सुट्या सुट्या तक्रारी जोडून न वाचल्याचे फळ काय, ते ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू प्रकरणात दिसले. हे खासगी रुग्णालय होते, कौन्सिलचे नव्हते. पण तिथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांच्या छळाबाबत दक्षिण ग्लॉस्टरशर कौन्सिलकडे आणि पोलिसांकडे सूचना येत होत्या. प्रत्येक सूचना स्वतंत्र घटना म्हणून हाताळली गेली. एका माजी परिचारकाने नियामक संस्थेला, केअर क्वालिटी कमिशनला, कळवले तेही वाया गेले. मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली मारहाण दाखवली, तेव्हा रुग्णालय बंद झाले आणि कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. कमिशन आजही एकट्या-दुकट्या तक्रारीचा निवाडा करत नाही, ती माहिती तपासणीसाठी वापरते. २०२२ च्या कायद्याने कौन्सिलांच्या कामाचीही तपासणी करणे त्याच्याकडे आले आहे.

मर्यादा : तक्रारींचा आकडा कमी म्हणजे सेवा चांगली, हे गणित फसवे आहे. जी बाई रोज सकाळी अंघोळ घालते तिच्याविरुद्ध लिहायला माणूस धजावत नाही. पुढची भेट तिचीच असते. स्मृतिभ्रंश झालेल्याला आणि जवळचे कोणी नसलेल्याला तर तक्रार करायचे सुचतही नाही. एनएचएसविरुद्धच्या तक्रारीसाठी साहाय्यक मिळण्याची सोय कायद्यात आहे, सामाजिक देखभालीच्या तक्रारीसाठी तशी हमी नाही. शिवाय तोंडी तक्रार पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मिटली तर ती नियमांच्या बाहेर राहते, म्हणजे वार्षिक अहवालात येतच नाही. तीच तक्रार दर आठवड्याला मिटत असेल तर ती मिटत नाही, एवढे कळायलाही कुणीतरी वही ठेवावी लागते. काही कौन्सिले ती ठेवतात. पैशांची टंचाई ही दुसरी मर्यादा. करार बदलायचा तर प्रवासाच्या वेळेचे पैसे द्यावे लागतात, आणि तक्रार विभागाच्या हाती खजिना नसतो.

सर्वांत मोठी उणीव कायद्यातच आहे. देखभाल किती द्यायची, पैसे किती घ्यायचे, या कौन्सिलच्या निर्णयांवर रीतसर अपील करता यावे यासाठी २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये ७२ वे कलम घातलेले आहे. ते अजून अमलात आलेले नाही, त्यामुळे कोर्टाची पायरी न चढता दाद मागायची तर तक्रार हाच मार्ग आहे.