लीळाचरित्र अभ्यासणारे पठाण सर

मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून तो सिद्ध केला. पुढे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. या साहित्याच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांतलं एक मोठं नाव आहे युसुफखान महंमदखान पठाण. मराठी जगात ते यू. म. पठाण.

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात ते मराठीचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. महानुभाव आणि वारकरी संतसाहित्याबरोबरच बखरींतल्या फारसीचा त्यांनी अभ्यास केला. मुसलमान संतकवींच्या मराठी रचनेवरही लिहिलं. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'सिद्धान्तबोध' लिहिणारे शहामुनी ही याच परंपरेतली नावं. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पठाण सरांकडे आलं. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं.

रत्नागिरीत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. "सर, उर्दू आपली, मग मराठी कुणाची?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. मी फळ्यावर चारच शब्द लिहितो : कागद, शाई, दप्तर, हजेरी. चारही फारसी-अरबीच्या वाटेने आलेले, आणि त्यांच्याशिवाय मराठी शाळा एक दिवस चालणार नाही.

पण शब्दांची यादी पुरेशी नाही. शेख महंमदांना आपण ऐक्याच्या भाषणापुरतं आठवतो. त्यांची ओवी कुणी वाचत नाही. मुसलमानाच्या मराठीकडे निष्ठेचा दाखला म्हणून पाहिलं जातं, आणि आपणही तो दाखला खिशात घेऊन फिरतो. पठाण सरांची थोरवी मला वेगळ्या ठिकाणी दिसते. दुसऱ्याच्या धर्माचा ग्रंथ त्यांनी अभ्यासकाच्या शिस्तीने वाचला. तिथे हक्क सिद्ध होतो तो कामाने.

तसं काम कोकणातही पडून आहे. आपल्या जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीतली खरेदीखतं आहेत, त्यांत फारसी शब्द ठासून भरलेत. उर्दू येणाऱ्या मराठी मुलामुलींनी मोडी शिकली, तर हे कागद त्यांच्याइतके सहज कोण वाचेल? वाळवी लागायच्या आत ती पेटी उघडा.