बांधावरचा दगड काय बोलतो



आज पिकाचं नाही, दगडाचं लिहितोय. आमच्या भावकीतला एक पोरगा कॅनडात ट्रक चालवतो. त्यानं परवा फोटो पाठवला. मोठ्या रस्त्याकडेला दगडावर दगड रचून माणूस उभा केलेला. दोन पाय, आडवे हात, वर डोकं. खाली विचारलं होतं, "तात्या, हा कुठला देव म्हणायचा?"

मी म्हटलं, देव नसंल, खूण असंल. मग वाचून बघितलं. त्याला इनुकशुक म्हणतात. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात इनुइट लोक राहतात, त्यांची ही जुनी रीत. तिथं झाड नाही, नजर जाईल तिथवर सगळं एकसारखं. मग खूण कशाची करायची? दगडाची. इनुकशुक म्हणजे माणसाच्या जागी काम करणारा. एक दगड वाट दाखवतो, दुसरा सांगतो इथं मासे गावतात, तिसरा सांगतो इथं मांस पुरून ठेवलंय. कॅरिबू म्हणून हरणासारखं जनावर असतं, त्याचा कळप वळवायला दगडांची रांगच लावायचे. 1 एप्रिल 1999 ला त्या लोकांचा नुनावुट नावाचा वेगळा प्रदेश झाला, त्याच्या झेंड्यावर हाच दगड आहे.

पण आता हौशी प्रवासी रस्त्याकडेला गंमत म्हणून तसलेच दगड रचतात. त्यातून ना वाट कळते ना पाणी. आडवाटेला असा दगड बघून एखादा चुकायचा. दगड तोच, पण त्याच्यामागं सांगणारं कोणी नाही.

आपल्याकडं काय वेगळं आहे? टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यानं जाताना किलोमीटरचे दगड बघा. डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं तर राज्य मार्ग. मैल जाऊन किलोमीटर येऊन साठ वर्षं झाली, पण आपण अजून मैलाचा दगडच म्हणतो. गावोगावच्या देवळापुढं वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतो. गावासाठी, गुरांसाठी मेलेल्या माणसाचा तो दगड. कित्येक ठिकाणी त्याला शेंदूर फासून नुसता देव केलाय, कोण मेला ते कोणाला ठाऊक नाही. गद्धेगळ म्हणून आणखी एक दगड असतो. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालू राहील. खाली गाढवाचं चित्र, दान मोडणाऱ्याला शिवी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून कळायचं.

आणि चौथा दगड आपला, शेतकऱ्याचा. हद्दीचा.

पूर्वी गावाच्या शिवेचा तंटा झाला की गावकामगार महाराची साक्ष मोठी मानायचे. शीव त्याच्या पायाखालची, दगड कुठला कशाचा हे त्याला पाठ. पेशवाई 1818 ला गेली, इंग्रज आले. त्यांच्या प्रिंगल साहेबानं पहिली मोजणी केली, पण आकार इतका बसला की लोक जमिनी टाकून गेले. मग 1835-36 ला भीमेपलीकडं इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं मोजणी धरली. शेताला सर्व्हे नंबर दिला, 30 वर्षांसाठी आकार ठरवला. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपण आजही तेच तोंडानं बोलतो. कोपऱ्याला दगड रोवला, कागदावर टिपण काढलं. पुढं तीच पद्धत सगळ्या मुलखात गेली.

आता माझी चूक सांगतो. 2016 ला ठिबक करायचं म्हणून जेसीबी लावून रान सपाट केलं. कोपऱ्यावरचा दगड आडवा येत होता, उपटला. चांगला लांब दगड, म्हणून हौदाजवळ धुण्याला टाकला. त्याच दगडाजवळ लहानपणी आप्पांनी मला उभं करून सांगितलं होतं, "हितनं पुढं दादाचं." तेव्हा मान डोलावली होती.

दोन वर्षांनी चुलत भाऊ म्हणाला, बांध सरकलाय. मी म्हटलं, सरकला तर तुझ्याच नांगरानं. बोलणं बंद झालं. पुतणीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, हे आजही सलतंय.

शेवटी दादानंच मोजणी मागितली. मोजणीवाल्यानं जुनं टिपण काढलं, राहिलेल्या तीन कोपऱ्यांवरून चौथा काढला. खूण पडली ती माझ्या उसाच्या आत. 220 फूट लांबीला पाच फूट मी दादाच्या रानात होतो. हिशोब केला, 1100 फूट. एका गुंठ्यावर थोडं.

बायको म्हणाली, "त्यो धुण्याचा दगड उचला आधी." दोघांनी पहारीनं खड्डा काढला आणि तो दगड होता तिथं रोवला. दादा एवढंच म्हणाला, "चहा घ्यून जा घरी."

मंडळी, हद्दीच्या खुणा सांभाळणं ही खातेदाराची जबाबदारी आहे, 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात तसं लिहिलंय. खूण मोडली तर दंडही आहे. आता रोव्हर यंत्र आलं, उपग्रहावरून माप निघतं. तरी मी सांगतो, रान सपाट करायच्या आधी कोपऱ्याचे दगड शोधा, चुना मारा, जेसीबीवाल्याला दाखवा. आणि पोरांना एकदा चारी कोपऱ्यांवर चालत न्या. एकट्यानं नको, शेजारच्या भाऊबंदालाही बोलवा. दोघांनी मिळून दाखवलेला दगड दोघांच्याही पोरांच्या ध्यानात राहतो.

कॅनडातल्या पोराला एवढंच लिहून पाठवलं, "देव नाही बाळा, माणूसच हाय. हलवू नको."