काचेवरची आम्लनक्षी : रंगाशिवाय छटा कशा येतात?

लंडनच्या होबर्न भागात ‘प्रिन्सेस लुईस’ नावाचा व्हिक्टोरियन काळातला पब आहे. तिथल्या लाकडी आडोशांमध्ये बसवलेल्या काचांवर वेलबुट्टी आहे. अशा काचकामात एकाच काचेवर पांढरीशुभ्र, रेशमासारखी करडी, जेमतेम धूसर आणि पूर्ण पारदर्शक अशा छटा शेजारी शेजारी दिसतात. त्यांत रंगाचा थेंबही नसतो. हे सगळे काम हायड्रोफ्लोरिक आम्लाचे.

काच गुळगुळीत असेल तर उजेड सरळ पार जातो. पृष्ठभाग खडबडीत झाला की तो विखुरतो आणि काच पांढरी दिसते. म्हणजे छटा ठरते ती खडबडीतपणा किती, यावर. काचेचा मुख्य घटक सिलिका. बहुतेक आम्लांना ती दाद देत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्लात मात्र विरघळते. गंमत अशी, की नुसते हे आम्ल काचेला धूसर करत नाही. ते काच खोलवर खाते, पण पृष्ठभाग चकचकीतच ठेवते. धूसरपणा हवा असेल तर आम्लात अमोनियाचे किंवा सोड्याचे क्षार मिसळतात. मग काचेवर न विरघळणारे बारीक स्फटिक जमतात, त्यांच्याखालची काच वाचते, आजूबाजूची झिजते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. या मिश्रणाला इंग्लंडमधले कारागीर ‘व्हाइट अ‍ॅसिड’ म्हणत.

एक द्रव काच पांढरी करतो, दुसरा तो पांढरेपणा पुन्हा उतरवतो. छटांची सगळी युक्ती या जोडीत आहे. ‘फ्रेंच एम्बॉसिंग’ नावाची पद्धत हेच करते. जो भाग पारदर्शक ठेवायचा, त्यावर ‘ब्रुन्सविक ब्लॅक’ हे डांबरी काळे वार्निश लावतात. काचेच्या कडेने मेणाचा बांध घालून व्हाइट अ‍ॅसिड ओततात. उघडी काच पांढरी होते. काच धुऊन, जे पांढरेच राहायला हवे तेही काळ्याने झाकतात आणि उरलेल्या भागावर पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात. स्फटिकांनी केलेले उंचवटे बोथट होतात, पांढऱ्याची रेशमी छटा होते. ती झाकून आणखी एकदा आम्ल सोडले, की त्याहून फिकी छटा मिळते. शेवटी वार्निश काढल्यावरच सगळे चित्र एकत्र दिसते.

बाटिक करणाऱ्यांना हा उलटा हिशेब ओळखीचा वाटेल. तिथे मेण लावून आधी फिका रंग राखतात, इथे काळे लावून आधी पांढरा. पण कापड पुन्हा गडद रंगात बुडवता येते. काचेवर छटा जास्त उतरली तर ती जागा पुन्हा पांढरी करताना शेजारची नाजूक रेघ बिघडू शकते, कारण आम्ल खाली खाते तसे वार्निशच्या कडेखालून आडवेही सरकते. बारीक रेघा म्हणूनच जाड होतात. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी डाग उमटतो. उष्ण हवेत आम्ल लवकर खाते, म्हणून नुसत्या घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही.

सलग छटेऐवजी दाणेदार पोत हवा असेल, तर काचेवर अभ्रकाच्या कपच्या पसरून आम्ल सोडत. कपचीखालची काच कमी झिजते आणि ठिपक्याठिपक्यांची जमीन तयार होते. रंगीत काचेत आणखी एक सोय आहे. साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवलेला असेल, तर आम्ल जितके खोल जाईल तितका लाल रंग गुलाबीकडे झुकतो आणि शेवटी नाहीसा होतो.

आता या कामाची दुसरी बाजू. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, ही त्यातली किरकोळ अडचण. खरा धोका असा, की पातळ आम्ल कातडीवर सांडले तर लगेच दुखत नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर ते आत शिरलेले असते. फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते आणि रक्तातले कॅल्शियम घटले तर हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा कारखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी ठेवतात. भरपूर पाण्याने धुणे, ते जेल लावणे आणि दुखत नसले तरी दवाखाना गाठणे, हे तीनही करायचे असते. हौशी लोकांसाठीच्या एचिंग क्रीममध्येही बहुधा फ्लोराइडचे क्षार असतात. ती निरुपद्रवी समजू नये. शिवाय तिच्यातून साधारणपणे एकच पांढरी छटा मिळते.

यामुळेच आज बरेचसे काम सँडब्लास्टिंगने होते आणि ऑफिसच्या पार्टिशनवर तर अनेकदा नुसती चिकटवलेली फिल्म असते. साधे सँडब्लास्टिंग बोटाला खरखरीत लागते आणि हाताचे डाग धरते. आम्लाने उतरवलेली रेशमी छटा मऊ लागते आणि सहज पुसता येते. जुन्या इमारतीतली अशी काच फुटली की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो : सँडब्लास्ट केलेल्या बदली काचेत पांढरा जुळवता येतो, मधल्या छटा जुळवणे मात्र फार अवघड जाते.