मराठी विज्ञानकथा : नव्या वाचकाच्या वाटेवर

ग्रंथालयाच्या कपाटांत कोणते पुस्तक कोणाच्या शेजारी उभे राहते, यावरून त्या त्या काळाची वाङ्मयीन दृष्टी सहज कळून येते. मराठी विज्ञानकथेला पुष्कळ वर्षे स्वतःचे असे कपाटच नव्हते. कधी ती बालवाङ्मयात बसली, तर कधी रहस्यकथांच्या आणि भुताखेतांच्या गोष्टींच्या शेजारी. त्यामुळे गंभीर वाचक तिच्याकडे फिरकला नाही आणि जो फिरकला, त्याला आरंभ कोठून करावा हे उमजले नाही. या वाङ्मयप्रकाराचा इतिहास ध्यानात घेतला, तर दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात.

या इतिहासाचा आरंभ महाराष्ट्राबाहेर व्हावा, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना विशेष वाटेल. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे 'केरळ कोकिळ' हे मासिक दूर कोचीन येथून निघू लागले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठी वाचकांपुढे आली, ती याच मासिकातून. मूळ कादंबरी १८६५ सालची. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा प्रसिद्ध झाली. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत तिची गणना होते. इंदुरास जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या रसाळ मराठीत आणून कुमारवाचकांच्या दोन पिढ्यांना या वाङ्मयाची गोडी लावली. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत आणि गूढ कथांबरोबर विज्ञानाच्या कल्पनेलाही आसरा दिला.

तथापि अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांतील सीमारेषा तोवर पुसटच होती. अद्भुतकथेत जादूच्या कांडीला कारण लागत नाही. विज्ञानकथेत मात्र घडणाऱ्या प्रत्येक नवलाला ज्ञात विज्ञानाशी सुसंगत असे कारण द्यावे लागते. एखादी शक्यता गृहीत धरावी आणि तिच्या पोटी माणसाचे काय होईल, याचा तर्कशुद्ध माग काढावा, हा या प्रकाराचा प्राण होय.

हा विवेक मराठीत रुजविण्याचे श्रेय १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेकडे जाते. १९७४ साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही नारायण विनायक जगताप नामक अपरिचित लेखकाची कथा पहिली आली. हे लेखक म्हणजे प्रत्यक्षात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीची छाया निर्णयावर पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलट करून हे नाव घेतले होते. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा, परंतु त्यांचे बालपण आणि शिक्षण झाले काशीस. केम्ब्रिजमध्ये ज्या फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी संशोधन केले, तेही विज्ञानकादंबरीकार होते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला आणि विज्ञानकथेला मराठी वाङ्मयात मानाचे पान मिळाले.

'आम्हांस विज्ञान कळत नाही,' हा नव्या वाचकाचा नेहमीचा संकोच. त्याने नारळीकरांच्या तीन कथांपासून आरंभ करावा. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत क्रिकेटचे मैदान आणि गणेशमूर्ती यांच्या आधाराने डाव्या-उजव्याची विलक्षण उलटापालट उलगडते. 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवरील संकट टाळण्यासाठी शास्त्रज्ञ शर्थ करतात आणि घरची मंडळी शांतिविधी करतात. संकट टळल्यावर श्रेय कोणाचे, हा प्रश्न वाचकाच्या घरातलाच होऊन बसतो. तिसरी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ज्या निराळ्या जगात जाऊन पोहोचतात, तेथे विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. हा उलगडा त्यांना होतो तो मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयात, जुने ग्रंथ चाळताना! ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील ज्या घराण्यांच्या आश्रयाने मराठी माणूस दूरदेशी स्थिरावला, त्या घराण्यांचा इतिहास पानिपताच्या आधीपासून व नंतरही त्या रणाशी जोडलेला आहे. 'तसे झाले असते तर?' हा प्रश्न येथील वाचकाच्या काळजाला भिडल्यावाचून राहत नाही.

यानंतर लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन', तसेच बाळ फोंडके आणि निरंजन घाटे यांच्या कथा वाचाव्यात. सुबोध जावडेकर हे व्यवसायाने रसायन अभियंते. त्यांच्या 'गुगली' संग्रहातील खेळकर बुद्धी आणि १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेच्या पार्श्वभूमीवरील 'आकांत' ही कादंबरी एकापाठोपाठ वाचली, म्हणजे या प्रकाराचा पल्ला ध्यानात येतो. मग नारळीकरांची 'वामन परत न आला' आणि अरुण साधूंची 'विप्लवा' या कादंबऱ्या जड वाटत नाहीत.

या वाङ्मयात उणिवा नाहीत असे नाही. कित्येक कथांत स्पष्टीकरण कथेवर मात करते, पात्रे फळ्यापुढील विद्यार्थ्यांसारखी प्रश्न विचारीत राहतात आणि स्त्रीपात्रे तर बहुधा चहापुरती येतात. नव्या वाचकाने अशा कथेवरून साऱ्या प्रकाराची परीक्षा करू नये.

नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बालवाङ्मयाच्या कपाटातून निघालेला हा प्रवास सारस्वताच्या व्यासपीठापर्यंत पोहोचला. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे उरलेला प्रश्न भाषेचा आहे. महाराष्ट्राबाहेरची मराठी मुले विज्ञान इंग्रजीतून शिकतात, शेजारी हिंदी, कानडी वा गुजराती बोलतात आणि मराठी केवळ सणावारांची, आजीच्या ओव्यांची भाषा होऊन राहते. कृष्णविवर, अवकाश, कालप्रवास यांविषयी मराठीत विचार करता येतो आणि तोही गोष्टीच्या आनंदाने, हे विज्ञानकथा त्यांना दाखवून देते. कोचीनहून निघालेल्या एका मासिकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच केले होते. बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी या पुस्तकांना आता स्वतंत्र कपाट द्यावे आणि ते मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवावे.